५५४ चाचण्यांनी नेमकं काय सिद्ध केलं? वायफायवरचं संगीत आणि एका पेपरचं वाचन

लॅपटॉपमधली गाणी वायफायने हॉलमधल्या मोठ्या सिस्टीमवर वाजवायचा विषय निघाला की एक वाद हमखास होतो. एक बाजू म्हणते, ‘वायरलेस म्हणजे आवाजाची वाट.’ दुसरी म्हणते, ‘माणसाच्या कानाला फरक कळतच नाही, हे २००७ मध्येच सिद्ध झालंय.’ आज मला दुसऱ्या बाजूबद्दल जास्त बोलायचंय, कारण तिच्या हातात एक पेपर आहे. पेपर दाखवून केलेला दावा खोडणं नुसत्या मतापेक्षा अवघड असतं. तुम्ही पीएचडीला आलात की पहिली दोन वर्षं बहुतेक तेच काम करणार आहात.

आधी तार की हवा, हे मिटवू

एक ठोस उदाहरण घेऊ. २००४ साली अ‍ॅपलने एअरपोर्ट एक्सप्रेस नावाचा, थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा डबा आणला. किंमत १२९ डॉलर. त्याच्या एकाच ऑडिओ जॅकमधून अ‍ॅनालॉग सिग्नलही मिळायचा आणि ऑप्टिकल डिजिटलही. संगणकावरचं आयट्यून्स गाणं आधी डीकोड करायचं, मग अ‍ॅपल लॉसलेसमध्ये बांधून वायफायने या डब्याकडे पाठवायचं. या सोयीचं नाव एअरट्यून्स. २०१० मध्ये ती एअरप्ले झाली.

आता हिशोब करा. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, आणि डावं-उजवं असे दोन चॅनल. गुणाकार येतो १४,११,२०० बिट, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट. त्या काळच्या ८०२.११जी वायफायचा कागदावरचा वेग होता ५४ मेगाबिट. प्रत्यक्षात त्याच्या निम्माही मिळाला नाही तरी जागा भरपूर उरते. शिवाय लॉसलेस म्हणजे पलीकडे उघडल्यावर तेच बिट जसेच्या तसे. तुमचा थिसिस वायफायने प्रिंटरला पाठवला म्हणून त्यातली अक्षरं पुसट होत नाहीत, तसंच हे. नेटवर्क खराब असेल तर गाणं तुटेल, अडखळेल. पण ‘बास जरा पातळ झाला’ असला सूक्ष्म बिघाड त्यातून होत नाही.

ब्लूटूथचं प्रकरण मात्र वेगळं आहे. तिथला सक्तीचा कोडेक म्हणजे एसबीसी. त्याच्या नेहमीच्या वरच्या सेटिंगला सेकंदाला ३२८ किलोबिट जातात, म्हणजे माहिती खरोखर टाकून दिली जाते. ‘वायरलेस’ या एका शब्दात वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही कोंबले की वाद पहिल्याच वाक्यात बिघडतो. संशोधनाचा प्रश्न लिहितानाही हेच होतं: एका शब्दाखाली दोन वेगळ्या यंत्रणा लपलेल्या असतात.

मग वायफायबाबत खरा प्रश्न काय उरतो? त्या एअरट्यून्सची वाट ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची होती. तुमची फाइल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची असेल तर ती खाली आणावीच लागणार. असं खाली आणलेलं कानाला कळतं का?

पेपर काय म्हणतो

इथे मेयर आणि मोरन यांचा पेपर येतो. सप्टेंबर २००७ मध्ये तो ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला. त्यात वायफायचा संबंध नाही, तरीही तो आपल्या प्रश्नाला नेमका लागू पडतो. त्यांनी एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या उच्च रिझोल्यूशनच्या डिस्क वाजवल्या आणि मध्ये एक फाटा टाकला: कधी आवाज सरळ जायचा, कधी ४४.१/१६ च्या अरुंद वाटेतून. ऐकणाऱ्याने ओळखायचं. एकूण ५५४ चाचण्या झाल्या, उत्तरं बरोबर आली २७६, म्हणजे ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढंच आलं असतं. आवाज खूपच मोठा केल्यावर त्या वाटेतला नॉइज कळत होता, हेही लेखकांनी नोंदवलंय.

प्रयोग चांगला आहे. ऐकणाऱ्यांपासून उत्तर लपवलं, बदल एकच ठेवला, आणि वर्षभर वेगवेगळ्या सिस्टीमवर तपासलं. माझी तक्रार आहे ती हा आकडा वाचण्याच्या पद्धतीबद्दल.

कागद-पेन घ्या. ५५४ चाचण्यांची स्टँडर्ड एरर म्हणजे ०.५ भागिले ५५४ चं वर्गमूळ: ०.०२१. त्याची साधारण दुप्पट दोन्ही बाजूंना धरली की ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल येतो साधारण ४५.७ ते ५४.० टक्के. म्हणजे हा डेटा ‘कोणालाच काही कळत नाही’ याच्याशी जुळतो, तसाच ‘५३ टक्के वेळा कळतं’ याच्याशीही जुळतो. त्याने मोठा फरक नाकारला, लहान फरक नाकारला नाही. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ यांच्यात जे अंतर आहे, ते या आठ टक्क्यांच्या पट्ट्याएवढं आहे.

दुसरी त्रुटी सामग्रीची. डिस्कवर उच्च रिझोल्यूशन लिहिलेलं असलं तरी मूळ रेकॉर्डिंगमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सी होत्याच का? नसतील, तर अरुंद वाटेने कापायला काही शिल्लकच नव्हतं. या मुद्द्यावर पेपरवर टीका झाली, आणि ती रास्त आहे.

आणि विरुद्ध बाजूचा पेपर

२०१६ मध्ये त्याच जर्नलमध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांचं मेटा-अ‍ॅनालिसिस आलं. १८ अभ्यास, ४०० हून अधिक लोक, साडेबारा हजारांहून अधिक चाचण्या. एकूण बरोबर उत्तरं सुमारे ५२ टक्के: फरक छोटा, पण संख्याशास्त्राच्या दृष्टीने खरा. जिथे ऐकणाऱ्यांना आधी प्रशिक्षण दिलं होतं, तिथे आकडा ६० च्या आसपास गेला. लगेच पहिली बाजू खूश: ‘बघा, सिद्ध झालं!’

पण ५२ आणि ४९.८ यांत भांडण कुठे आहे? ५२ त्या ४५.७ ते ५४.० च्या पट्ट्यात आरामात बसतं. दोन पेपर एकमेकांना खोटं पाडत नाहीत. खोटं पाडतात ते त्यांचे चाहते. आणि ५२ म्हणजे तरी काय? ढोबळ मॉडेल धरा: खरंच कळलं तर उत्तर बरोबर, नाही कळलं तर अर्ध्या वेळा नशिबाने बरोबर. मग शंभरात ५२ यायला फक्त चार वेळा खरोखर कळलेलं पुरतं. लहान पी-व्हॅल्यू आणि मोठा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रशिक्षणाचा निष्कर्षही सांभाळून वाचायला हवा. ती तुलना एकाच अभ्यासातल्या दोन गटांची नाही, वेगवेगळ्या अभ्यासांची आहे. प्रशिक्षण देणाऱ्या लोकांनी उपकरणं आणि संगीतही वेगळं निवडलेलं असू शकतं. श्रेय कोणाला द्यायचं हे अशा तुलनेतून पक्कं ठरत नाही.

घरी करून बघायचं असेल तर

आवाजाची पातळी आधी जुळवा. स्पीकरच्या टोकांवर व्होल्टमीटर लावून ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण एक टक्क्याच्या आत. जरासा मोठा आवाज माणसाला ‘जास्त चांगला’ वाटतो आणि इथेच निम्म्या घरगुती चाचण्या वाया जातात. संगणकातला इक्वलायझर आणि ‘साउंड एन्हान्सर’ बंद ठेवा. कुठलं वाजतंय हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये.

आणि चाचण्या किती, हे आधी ठरवा. १६ पैकी १२ बरोबर ही प्रचलित कसोटी आहे; निव्वळ अंदाजाने ती पार होण्याची शक्यता ३.८ टक्के. पण जो खरोखर ६० टक्के वेळा बरोबर सांगू शकतो, तो तरी यात किती वेळा पास होईल? फक्त सुमारे १७ टक्के वेळा. म्हणजे खरी क्षमता असलेल्या सहांपैकी पाच जणांना तुम्ही ‘नापास’ म्हणून घरी पाठवाल आणि वर लिहाल, ‘फरक आढळला नाही.’ स्टॅटिस्टिकल पॉवर हा शब्द व्हायव्हासाठी पाठ करण्यापेक्षा हा गुणाकार एकदा स्वतः करा.

मेयर आणि मोरन यांच्या पेपरमधली एक नोंद वाद घालणारे क्वचितच वाचतात. त्यांच्या मते त्या महाग डिस्क नेहमीच्या बहुतेक सीडींपेक्षा चांगल्याच वाजत होत्या, अगदी ४४.१/१६ मधून काढल्यावरही. कारण त्या रेकॉर्डिंग आणि मास्टरिंगवर जास्त काळजी घेतली होती. घरच्या सिस्टीमपुरता याचा अर्थ सरळ आहे: लॉसलेस वायफाय बिनधास्त वापरा, पैसे स्पीकरवर घाला, आणि एकाच अल्बमच्या दोन आवृत्त्यांपैकी चांगल्या मास्टरिंगची शोधा.

तुमच्या विषयात ‘परिणाम आढळला नाही’ म्हणणारा, सगळे उद्धृत करतात असा एखादा पेपर असेलच. पुढच्या जर्नल क्लबला तो घेऊन बसा, त्याचा इंटरव्हल काढा, आणि त्या पट्ट्यात किती मोठा परिणाम अजून लपू शकतो ते फळ्यावर लिहा.