निष्पाप रोगी आणि आमचे बोलपट

बदलापुरांतील कांहीं रसिक मंडळींच्या आग्रहावरून आम्हीं गेल्या महिन्यांत तीन हिंदी बोलपट लागोपाठ पाहिले: ‘निदान’ (२०००), ‘फिर मिलेंगे’ (२००४) आणि ‘माय ब्रदर निखिल’ (२००५). तिन्हींचा विषय एकच, एच्. आय्. व्ही. नंतर चर्चा झाली, तेव्हां एक सुशिक्षित बाई ‘निदान’मधील मुलीविषयीं कळवळून म्हणाल्या, “बिचारी अगदीं निष्पाप हो!” सर्वांनीं माना डोलावल्या. आम्हांस तो शब्द खटकला.

‘निदान’ची नायिका मध्यमवर्गीय मराठी घरांतली, रोग तिला रक्त चढवितांना जडतो. महेश मांजरेकर यांनीं आईबापांचें दुःख प्रामाणिकपणें रंगविलें आहे. रीमा लागू व शिवाजी साटम यांचा अभिनय पाहतांना आमचेही डोळे पाणावले, हें कबूल करतों. परंतु ही करुणा अटीवर मिळालेली आहे. एकीला निष्पाप म्हटलें कीं, जिला हाच रोग धंद्यांत जडला ती न बोलतां पापी ठरते.

रेवती यांच्या ‘फिर मिलेंगे’ची नायिका जाहिरातीच्या कचेरींतली, नोकरी गेल्यावर ती न्यायालयांत जाते. कथेचा घाट अमेरिकन ‘फिलाडेल्फिया’ची (१९९३) आठवण देतो. तेथें रोगी गोरा आणि त्याचा वकील काळा. वास्तव उलटें आहे. त्या देशांत कृष्णवर्णीय लोक सुमारें एक अष्टमांश, पण नव्यानें सांपडणाऱ्या रुग्णांत त्यांचा वांटा पांचांत दोनच्या आसपास. विमा नाहीं, दवाखाना दूर, आणि टस्कीगीची आठवण: १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी वैद्यांनीं तेथल्या गरीब काळ्या पुरुषांचा उपदंश औषध न देतां नुसता न्याहाळला. असल्या लोकांचा डॉक्टरवर विश्वास बसावा कसा? तेथें जें वर्ण करतो तें आमच्याकडे जात आणि रोजंदारी करतात. आमच्या बोलपटानें घाट उचलला तो गोऱ्या वकिलाचा.

वस्तुतः कथा मुंबईंतच घडून गेली होती. प्रकृति कामाजोगी असतांही रक्तांत विषाणु आढळला म्हणून एका रोजंदारी मजुराचें काम सुटलें. १९९७ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. नांव फुटूं नये म्हणून निकालपत्रांत तो केवळ ‘एम्‌एक्स’ आहे. ती गुप्तता त्याच्या हिताची. पण त्या दोन अक्षरांमागचा माणूस या तिघांपैकीं एकाही दिग्दर्शकास उभा करावासा वाटला नाहीं.

तो आमच्याच गाडींत भेटला असता. १ एप्रिल २००४ पासून औषध सरकारी केंद्रांत फुकट मिळूं लागलें. आरंभींच्या आठ केंद्रांत मुंबईचें जे. जे. रुग्णालय होतें. अंबरनाथच्या मजुरानें भायखळ्यापर्यंत लोंबकळत जावयाचें, रांग धरावयाची आणि दिवसाची मजुरी बुडवावयाची. शिवाय दर महिन्यास कोठें जातोस, हें मुकादमास काय सांगावयाचें? एवढ्या एका प्रश्नावर चांगला प्रवेश लिहितां आला असता. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजीं अंमलांत आला. त्यानें नोकरींतील भेदभावास बंदी केली. परंतु इस्पितळें वगळतां, तक्रार-अधिकारी नेमण्याचें बंधन शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेवर आहे. उल्हासनगरांत जीन्स शिवणारे गाळे पाहा: दहा-पंधरा यंत्रें, ठेकेदार, नगावर मजुरी. “उद्यांपासून येऊं नको” म्हटलें कीं संपलें.

तिघांत ओनीर यांचा ‘माय ब्रदर निखिल’ आम्हांस सरस वाटला. गोव्याच्या डोमिनिक डिसोझा यांस १९८९ सालीं कायद्याच्या आधारें ६४ दिवस कोंडून ठेवलें होतें. त्या हकीकतीची छाया यावर आहे. हा बोलपट पापपुण्याचा हिशेब मागत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. तरीही नायक पोहण्यांतला विजेता! पदक नसतें तर आम्हीं त्याच्यासाठीं इतके हळहळलों असतों काय?

हें सर्व आम्हीं त्या बाईंस सांगितलें. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडे धुणें-भांडीं करणारी आहे ना, तिचा नवरा दोन वर्षांपूर्वीं गेला. कशानें, तें आम्हीं कधीं विचारलेंच नाहीं.”