पत्त्यांच्या वेष्टनावरचा मोगल

गंजिफ्याविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते ते आम्ही आवडीने वाचतो. पण समाधान होत नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यावर लिहिणारे त्याला देवळाच्या शेजारी बसवतात, तर मोगल गंजिफ्यावर लिहिणारे बादशाही महालातून बाहेर पडत नाहीत. आमचा आक्षेप आहे तो या वाटणीला.

पुरावा फार दूर नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर आणि लोणारची नोंद अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे. त्याच ग्रंथात गंजिफ्याचेही वर्णन आहे. या फारसी ग्रंथात खेळाच्या बारा रंगांची नावे कोणती? अश्वपती, गजपती, नरपती, गढपती! उलट दशावतारी संच पाहावा. दर रंगाची बारा पाने, त्यांत राजा आणि प्रधान ही दोन चित्रे, असे दहा अवतारांचे १२० गोल पत्ते. ताज, शमशेर, गुलाम, चंग अशा आठ रंगांच्या ९६ पानी मोगल संचाची बांधणी हीच. मग यात आपले काय आणि परके काय?

या लेखनातली दुसरी उणीव व्यापाराची. चौदाव्या शतकात पत्ते मुस्लिम जगातून युरोपात गेले. ममलूक काळातले पत्ते इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहेत. त्यांवरील ‘नायब’ या हुद्द्यावरूनच पत्त्यांना स्पॅनिशमध्ये ‘नाइपेस’ म्हणू लागले, असे अभ्यासक मानतात. पुढे हाच माल यंत्रावर बसून परतला. १८३१ मध्ये लंडनच्या थॉमस द ला रू यांनी रंगीत पत्ते छापण्याचे पेटंट घेतले; बेल्जियममधील टर्नहाउटचे कारखानेही हिंदुस्थानात पत्ते पाठवू लागले. विलायती पत्त्यांच्या वेष्टनावर ‘ग्रेट मोगल’ हे नाव मिरवत असे. खामगावला १८७० मध्ये रेल्वे आली. वऱ्हाडचा कापूस विलायतेला जाई आणि कापड होऊन परत येई. पत्त्यांची गत वेगळी नव्हती. चिंचोक्याची खळ लावून, लाखेचा हात देऊन एकेक पान रंगवणारा चितारी छापील कॅटपुढे कसा टिकणार? मोगल वेष्टनावर राहिला, गंजिफा मागे पडला.

१९७० नंतर सावंतवाडीच्या राजघराण्याने ही कला पुन्हा उभी केली, हे ऋण मानलेच पाहिजे. परंतु आज संच विकत घेणारा तो काचेच्या कपाटात ठेवतो. कारागिराला दाम मिळतो हे चांगलेच. पण खेळ कोणी खेळत नाही. चित्रांवर लिहिताना खेळाचे नियम गाळणारी समीक्षा अर्धीच म्हणायची.

आपल्या घरांत पत्ते म्हटले की जुगार आठवतो. जुगाराचा निषेध योग्यच. पण त्यापायी एका कलेचा इतिहास दुसऱ्यांच्या हवाली का करावा? चौकट देशी, किलवर युरोपीय, बदाम फारसी, हुकूम अरबी. मराठी माणूस पत्ते पिसतो तेव्हा ही सगळी नावे एकाच हातात असतात. भाषेने जे एकत्र ठेवले, ते लिहिणाऱ्यांनी वेगळे करू नये.