मार्तीन रामिरेझ: वेड्याची चित्रे की परदेशी मजुराची?

मेक्सिकन चित्रकार मार्तीन रामिरेझ यांच्यावर लिहिणारे बहुतेक समीक्षक पहिल्याच ओळीत त्यांच्या आजाराचे नाव सांगतात आणि मग प्रत्येक रेघेत तो आजार शोधत बसतात. आम्हांला ही रीत पटत नाही.

रामिरेझ यांचा जन्म १८९५ साली हालिस्को प्रांतात झाला. १९२५ साली बायकोमुलांना मागे ठेवून ते कॅलिफोर्नियात रेल्वे आणि खाणींत मजुरीला गेले. लगेच इकडे गावाकडे क्रिस्तेरो युद्ध पेटले, तिकडे मंदी आली. मेक्सिकन लोकांना लाखांनी परत धाडण्याचे ते दिवस. १९३१ साली पोलिसांनी त्यांना स्टॉकटनच्या मनोरुग्णालयात नेऊन सोडले. त्यांना इंग्रजी येत नव्हते. डॉक्टरांनी कागदावर स्किझोफ्रेनिया लिहिले, आणि १९६३ साली मरेपर्यंत ते रुग्णालयांतच राहिले.

कुपत होलिममध्ये हिब्रू येत नाही म्हणून नातवाला दुभाष्या करून बसलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना यावर जास्त सांगायला नको. न बोलणारा माणूस न समजणारा असतो, हा समज किती खोटा आहे, हे आज ऑटिस्टिक मुलांचे आईबापही सांगतात.

आता चित्रांकडे येऊ. कागद म्हणजे लखोटे, मासिकांची पाने, तपासणीच्या टेबलावर अंथरायचा कागद, जे मिळेल ते. खळ बटाट्याची किंवा पावाची, थुंकीत कालवलेली. तुकडे चिकटवून काही चित्रे माणसाच्या उंचीहून मोठी केलेली. विषय मोजकेच: घोडेस्वार, हरणे, मरियम, आगगाडी आणि बोगदे. घोडेस्वार नाटकाच्या रंगमंचावर उभा केल्यासारखा, चहूकडे रेघाच रेघा. मरियमेची चित्रे पाहून आम्हांला आपल्या घरांतली एलियाहू हनाबींची रथावरची तसबीर आठवली. श्रद्धा वेगळी, पण भिंतीवरच्या चित्राला जपणारे घर तेच.

सर्वांत सरस बोगदे. काळ्या तोंडातून गाडी निघते, दुसऱ्या काळ्या तोंडात शिरते; डब्यांत माणूस दिसत नाही. रेषा एकाच अंतराने इतक्या फिरतात की डोंगरच हलतो असे वाटते. ज्याने रेल्वेवर राबून पैसे कमावले आणि जो घरी जाऊ शकला नाही, त्याने आगगाडी काढावी यात वेड कुठले? मासिकांतले चेहरे चिकटवलेली काही चित्रे मात्र आम्हांला फिकी वाटली. तिथे रेघेचा जोर उसना आहे.

ही चित्रे वाचली ती टार्मो पास्टो या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांमुळे. त्यांनी १९५५ साली दहा चित्रे न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाला पाठवली. ती तिथे कित्येक वर्षे गुंडाळीतच पडून होती. २००७ साली न्यूयॉर्कच्या लोककला संग्रहालयात मोठे प्रदर्शन भरले, ते गाजल्यावर एका डॉक्टरांच्या कुटुंबाकडे आणखी शंभरहून अधिक चित्रे सापडली. आज एकेक चित्र मोठ्या किमतीला जाते. मेक्सिकोतल्या गावी राहिलेल्या बायकोला त्यांतले काय मिळाले, हे प्रदर्शनाच्या पाट्यांवर लिहायला हवे होते.

२०१५ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची पाच तिकिटे काढली. तिकिटे जमवणाऱ्या वाचकांनी ती जरूर मिळवावीत. भिंग घेऊन पाहिली तर रेघा मोजता येतात.