रोशनच्या गुहेपाशी

डोटा 2 हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या कुणाहीसमोर ‘सिक्स मिलियन डॉलर एको स्लॅम’ एवढे शब्द उच्चारले की पुढचं काही सांगावं लागत नाही. 8 ऑगस्ट 2015, सिएटलचं की अरीना, ‘द इंटरनॅशनल’ स्पर्धेचा अंतिम सामना. पाच डावांच्या लढतीत अमेरिकेचा ईव्हिल जीनियसेस हा संघ चीनच्या सीडीईसीविरुद्ध दोन-एक असा पुढे आहे. चौथ्या डावात सीडीईसीचे खेळाडू रोशन नावाच्या राक्षसाच्या गुहेत शिरतात आणि काही क्षणांत त्यांची धूळधाण उडते. समालोचकाच्या तोंडून ‘डिझास्टर’ हा शब्द किंकाळीसारखा फुटतो. ती क्लिप आजही यूट्यूबवर फिरते, आणि नव्याने खेळू लागलेली मुलं ती पुन्हा पुन्हा बघतात.

बघतात, पण माझ्या मते चुकीच्या ठिकाणापासून बघतात. क्लिप कापणाऱ्याने ती जिथे सुरू केली, तिथे गोष्ट जवळजवळ संपत आलेली असते. हा खेळ सुधारायचा असेल तर खरा अभ्यास त्या स्फोटाच्या अलीकडे आहे. म्हणून ते दृश्य इथे जरा सावकाश वाचू या.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्हीकडे पाच-पाच जण. प्रत्येकाचा एक हिरो, प्रत्येक हिरोच्या हातात मोजकी अस्त्रं. नकाशावर तीन वाटा, मधून आडवी जाणारी नदी आणि बाकी सगळं जंगल. समोरच्या संघाचा मुख्य बालेकिल्ला पाडला की जिंकलात. नकाशा पूर्ण दिसत नाही, हीच इथली खरी गंमत. तुमचा माणूस किंवा तुम्ही रोवलेला वॉर्ड, म्हणजे टेहळणीची खूण, जिथे आहे तेवढाच भाग उजळलेला, पलीकडे धुकं. शत्रू त्या धुक्यात कुठे आहे याचा अंदाज बांधत सगळा डाव चालतो.

रोशन तेव्हा नदीकाठच्या गुहेत राहायचा. त्याला मारलं की ‘एजिस’ मिळते, म्हणजे एकदा मेल्यावर तिथल्या तिथे पुन्हा उठण्याचा परवाना. मोह मोठाच आहे. पण रोशन चिवट असतो, वेळ खातो, बहुतेकदा सगळ्या संघाला एकत्र जावं लागतं, आणि त्या गुहेला वाट एकच होती. आत शिरताना संघ नकळत स्वतःबद्दलची दोन गुपितं फोडतो: आम्ही कुठे आहोत, आणि आम्ही एकमेकांना चिकटून उभे आहोत. पहिलं गुपित नकाशावरून ताडता येतं. पाचपैकी एकही जण कुठल्याच वाटेवर दिसत नसेल तर ते कुठे असणार? धुक्यातला काळोख असा वाचता येणं हा सुधारणेचा पहिला टप्पा. त्याला बोटांची चपळाई लागत नाही. लागते ती दर दोन-चार सेकंदांनी कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाकडे, म्हणजे मिनिमॅपकडे, नजर टाकायची सवय. समोरून कोण गायब झालं, हा प्रश्न डोक्यात सतत चालू हवा.

आता दुसऱ्या गुपितावर चालणारी अस्त्रं. दृश्याचं सौंदर्य त्यांच्या बारकाव्यात दडलंय.

ईव्हिल जीनियसेसचा कर्णधार पीटर डेगर, खेळातलं नाव पीपीडी, याच्याकडे एन्शंट अ‍ॅपरिशन हा बर्फाचा हिरो होता. त्याचं शेवटचं अस्त्र आइस ब्लास्ट. ते दोनदा दाबावं लागतं. पहिल्यांदा दाबलं की एक गोळा सरळ रेषेत सुटतो आणि नकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकतो. तो हव्या त्या जागी पोचला की दुसऱ्यांदा दाबायचं, मग तिथे गारांचा मारा होतो. गोळा जितका लांबून येईल तितकं माऱ्याचं वर्तुळ रुंद. म्हणजे लांबून मारण्यात फायदा आहे, पण गोळा पोचेपर्यंत शत्रू कुठे सरकलेला असेल हे आधी ओळखावं लागतं. ज्याला तो मारा लागला त्याची जखम काही सेकंद भरतच नाही. औषध नाही, मंत्र नाही. आणि जीव ठरावीक पातळीखाली गेला की तो हिरो काचेसारखा फुटतो.

दुसरा साहिल अरोरा. भारतीय वंशाचा हा अमेरिकन खेळाडू ‘युनिव्हर्स’ या नावाने खेळायचा. त्याचा हिरो अर्थशेकर, म्हणजे जमीन हादरवणारा. एको स्लॅम हे त्याचं शेवटचं अस्त्र. त्याचा नियम ऐकण्यासारखा आहे: आवाक्यातल्या प्रत्येक शत्रूपासून एक प्रतिध्वनी उठतो आणि तो आजूबाजूच्या बाकीच्यांना लागतो. एकटादुकटा सापडला तर फार काही बिघडत नाही. पाच जण दाटीवाटीने उभे असले तर प्रत्येक जण इतर चौघांच्या मरणाला हातभार लावतो. शिवाय हे अस्त्र दाबताक्षणी फुटतं, आधी हात उगारायलाही वेळ लागत नाही. एकदा वापरलं की मात्र पुन्हा तयार व्हायला दोन मिनिटांच्या आसपास वाट पाहायची.

या दोन अस्त्रांच्या मधे ब्लिंक डॅगर नावाची वस्तू आहे. किंमत 2250 सोन्याची नाणी. ती वापरली की हिरो डोळ्याचं पातं लवतं तोवर लांब उडी घेतो. पण एक अट आहे. समोरच्या हिरोचा साधा फटका जरी लागला, तरी पुढचे तीन सेकंद ती निकामी होते.

ही अट लक्षात ठेवून ती क्लिप पुन्हा बघा. स्लॅम जमायचा असेल तर अर्थशेकरला आधी कुणाचाही धक्का लागता कामा नये. म्हणजे त्याने पुढे जायचं नाही, डोकवायचं नाही, एखादा शत्रू अर्धमेला दिसला तरी हात शिवशिवू द्यायचा नाही. शत्रूच्या नजरेबाहेर, पण उडीच्या टप्प्यात, नेमक्या तेवढ्या अंतरावर उभं राहायचं. आधी पीपीडीचा बर्फ पडतो. गुहेच्या तोंडाशी गर्दी होते, कारण बाहेर पडायला दुसरी वाट नाही. मगच युनिव्हर्स त्या गर्दीच्या मध्यावर येऊन उतरतो. कबड्डीत कोपऱ्यातला गडी चढाईपटूचा घोटा धरतो आणि त्याच क्षणी मधला गडी अंगावर झेपावतो, तसंच हे आहे. मधल्याने अर्धा श्वास आधी झेप घेतली असती तर चढाईपटू निसटला असता, आणि अर्धा श्वास उशिरा घेतली असती तर रेषा शिवून गेला असता.

क्रम उलटा करून पाहिला की त्याची किंमत कळते. आधी स्लॅम आणि मग बर्फ, असंही करता आलं असतं. पण मग दोन्हींच्या मधल्या फटीत सीडीईसीला सावरायला, जखमा भरायला, एखाद्याला तरी बाहेर काढायला वाव मिळाला असता. बर्फ आधी पडल्याने जखम भरायचा रस्ताच बंद झाला, आणि त्यानंतर बसलेला प्रत्येक घाव तसाच राहिला.

प्रेक्षक म्हणून आपल्याला इथे एक मोठी सवलत मिळते. प्रक्षेपणात दोन्ही संघांची हालचाल एकाच वेळी दिसते. की अरीनातल्या गर्दीलाही ती दिसत होती, आणि पुढे एप्रिल 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ‘ईएसएल वन’ झाली तेव्हा मुंबईच्या प्रेक्षकांनाही ती दिसली. सापळा लागलेला आपल्याला ठाऊक असतो, सापडणाऱ्याला नसतो. नाटकात पडद्याआड उभं असलेलं पात्र फक्त प्रेक्षकांना दिसावं, तो ताण इथे आहे. म्हणूनच स्फोटाच्या आधीचे ते क्षण स्फोटापेक्षा सरस वाटतात. पण शिकणाऱ्याला हीच सवलत घातक ठरते. वरून सगळं दिसत असताना ‘हे गुहेत का गेले, मूर्ख आहेत का’ असं म्हणणं फार सोपं.

सीडीईसी मूर्ख नव्हते. हा संघ वाइल्ड कार्डमधून स्पर्धेत आला होता, कुणाच्या खिजगणतीत नव्हता. वेगाने अंगावर जायचं, समोरच्याला विचार करायला वेळ द्यायचा नाही, हा त्यांचा खाक्या. त्याच खाक्याने त्यांनी एकेक बडा संघ लोळवला आणि वरच्या गटाच्या अंतिम लढतीत याच ईव्हिल जीनियसेसलाही पाडलं होतं. अमेरिकनांना मग खालच्या गटातून एलजीडी या संघाला हरवून पुन्हा त्यांच्यासमोर यावं लागलं. गुहेत शिरणं सीडीईसीच्या स्वभावाला धरूनच होतं, आणि आधीच्या कितीतरी डावांत त्याच घाईने त्यांना जिंकून दिलं होतं. मला तर हा प्रसंग पराभूतांच्या बाजूने वाचताना जास्त शिकवून जातो. आपलं बळ ज्यात आहे, समोरचा त्याच्यावरच डाव रचतो. पहिल्या लढतीत हरलेला संघ चिडून परत आला नव्हता, अभ्यास करून आला होता.

आता आपल्याकडच्या, रात्री दोनला रँक्ड, म्हणजे क्रमवारीचा सामना, लावून बसणाऱ्या मुलाकडे वळू. त्याने क्लिप बघितलेली असते आणि त्याला अर्थशेकर व्हायचं असतं. डाव सुरू होतो. स्लॅम तयार झाला की त्याला धीर धरवत नाही. समोर एक हिरो आणि संगणक चालवतो अशी चार प्यादी दिसली की तो उडी मारून मोकळा होतो. तो हिरो पळून जातो. दीड मिनिटाने खरी झुंज जुंपते तेव्हा याच्या हातात काही नसतं, आणि मग माइकवरून सपोर्टवाल्याचा, म्हणजे मदतनीस खेळाडूचा, उद्धार सुरू होतो. ही मुलं हाताने कमी पडत नाहीत. कित्येकांची बोटं भन्नाट चालतात. ती कमी पडतात वाट पाहण्यात.

आणि दुसऱ्याचं काम ओळखण्यातही. त्या क्लिपखाली नाव युनिव्हर्सचं लागलं, ते योग्यच आहे. पण बर्फाचा गोळा लांबून बरोबर जागी आणणाऱ्या पीपीडीचं नाव किती जण घेतात? त्या संघात क्लिंटन लूमिस ऊर्फ फिअर होता, कर्टिस लिंग ऊर्फ ऑइ_2000 होता, आणि कराचीहून आलेला अवघ्या सोळा वर्षांचा सुमैल हसन होता. डोटात पीपीडीसारखा सपोर्ट म्हणजे वॉर्ड रोवणारा, गरीब, सारखा मरणारा, ज्याच्या खात्यावर आकडे कधीच चमकत नाहीत असा माणूस. त्याच्याच वॉर्डवर बाकीच्यांची नजर अवलंबून असते. तुम्ही कॅरी, म्हणजे मुख्य मारा करणारा, म्हणून खेळत असाल तर पाच-दहा गेम सपोर्ट म्हणून खेळून बघा. धुकं किती दाट असतं आणि ते कोण उजळतं, हे त्याशिवाय कळत नाही.

बोलण्याचंही तसंच. चांगल्या संघांच्या हेडफोनमधलं बोलणं ऐकलं तर ते कमालीचं कोरडं वाटतं: कोण कुठे दिसलं, कुणाचं अस्त्र संपलंय, किती सेकंदांनी तयार होईल. ‘तू तिथे का गेलास’ याला झुंज चालू असताना काही अर्थ नसतो. मेलेल्या माणसाने तर चूप बसून उरलेल्या चौघांना ऐकू द्यावं. आपल्या सर्व्हरवर नेमकं उलटं चालतं. पहिला मेलेलाच सगळ्यात जास्त बोलतो.

पैशाचं म्हणाल तर त्या वर्षीचा एकूण बक्षीस निधी 1 कोटी 84 लाख डॉलरचा होता. त्यातले 16 लाख खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे, बाकीची भर खेळाडूंनीच घातली होती, कारण कंपेंडियम नावाच्या डिजिटल पुस्तिकेच्या विक्रीचा चौथा हिस्सा निधीत जायचा. विजेत्यांना 66 लाख डॉलरहून जास्त मिळाले. स्लॅमला ‘सिक्स मिलियन’ हे बारसं त्यावरून झालं. जिंकून महिना व्हायच्या आत संघाने ऑइ_2000 ला काढलं आणि जुना खेळाडू आर्टीझीला परत घेतलं. मला तो निर्णय तेव्हाही खटकला होता, आजही खटकतो.

ती क्लिप बघायची असेल तर पूर्ण चौथा डाव लावा. गुहेच्या प्रसंगाआधी काही मिनिटं मागे जा, आवाज बंद करा आणि नजर फक्त अर्थशेकरवर ठेवा. तो कुठे उभा राहतो, केव्हा मागे सरतो, कुठली संधी सोडून देतो, तेवढंच टिपा. मग डोटाच्या क्लायंटमध्ये आपण हरलेला शेवटचा गेम उघडा आणि प्लेअर पर्स्पेक्टिव्ह लावा. तुम्ही कॅमेरा कुठे नेला आणि माउस कुठे दाबला, सगळं दिसेल. आपल्या पहिल्या मरणाच्या अर्धा मिनिट आधीपासून बघा आणि मिनिमॅपवर समोरचे किती जण गायब होते ते मोजा. ते झालं की मगच पुढचा गेम लावा.