पहिलं पुस्तक बिनशब्दांचं

ग्राफिक कादंबरी कधीच न वाचलेल्या माणसाला पहिलं पुस्तक कोणतं द्यावं, याची उत्तरं ठरून गेली आहेत: ‘माउस’, ‘पर्सेपोलिस’, फार तर ‘वॉचमेन’. ‘माउस’ला 1992 साली पुलित्झर मिळालं, हे सांगितलं की ‘कॉमिक्स म्हणजे पोरांचं’ ही समोरच्याची शंका मिटते. पण शंका मिटवणं वेगळं आणि वाचायची सवय लावणं वेगळं.

माझं गाव नाटे, तालुका राजापूर. सुट्टीत गेलो की पुस्तकं मागणारे दोन-चार जण तिथे आहेत. ज्यांना इंग्रजी येतं त्यांनी दुपारी नेलेलं ‘पर्सेपोलिस’ चहाच्या वेळी परत येतं. ‘बरं आहे, पण लगेच संपलं.’ म्हणजे फुगे वाचले, चित्रं ओलांडली. यात वाचकाचा दोष नाही. ‘चांदोबा’तलं चित्र झाकलं तरी गोष्ट पुरी व्हायची. 1967 साली सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथा’त चौकटीवरची मजकुराची पट्टी पुष्कळदा खालच्या चित्रात दिसतं तेच सांगते. आपली नजर अशी घडलेली आहे.

सॉफ्टवेअरमध्ये एखादा भाग काढून टाकला तरी सगळं नीट चालत असेल, तर तो भाग काही कामाचा नव्हता असं आम्ही धरतो. पहिलं पुस्तक निवडताना तीच चाचणी लावावी: चित्रं काढून टाकली तर गोष्ट चालते का? चालत असेल तर ते पुस्तक चांगलं असेल, पण पहिलं म्हणून नको.

म्हणून मी शॉन टॅन या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचं ‘द अरायव्हल’ (2006) सुचवतो. त्यात एकही संवाद नाही. एक माणूस बायको-मुलीला मागे ठेवून परमुलखात कामाला जातो, एवढीच गोष्ट. पहिल्या पानावर नऊ लहान चौकटी: कागदाचा पक्षी, घड्याळ, टोपी, पातेलं, उघडी बॅग, कुटुंबाचा फोटो अशा घरातल्या गोष्टी. कोणीतरी निघालं आहे हे त्यांवरूनच कळतं. बोटीतले दिवस ढगांच्या साठ चित्रांनी मोजले आहेत. नव्या शहराची लिपी टॅनने स्वतः बनवली आहे, त्यामुळे तिथल्या पाट्या त्या माणसालाही वाचता येत नाहीत आणि आपल्यालाही. चाकरमानी म्हणजे काय, हे कोकणात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आखातात गेलेली माणसंही इथे गावोगाव आहेत. या पुस्तकाला प्रस्तावना लागत नाही.

पण त्यात एक गोम आहे. नव्या शहरात भेटणारा जवळपास प्रत्येक जण मदत करतो. खोली मिळते, जेवायचं बोलावणं येतं. आडनाव विचारून खोली नाकारली गेलेल्या माणसाला हे गोड वाटेल, खरं वाटणार नाही.

म्हणून लगेच पाठोपाठ ‘भीमायन’ (2011) द्यावं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. 1917 साली परदेशातून शिकून ते बडोद्याला नोकरीवर गेले, पारशी विश्रामगृहात उतरले आणि जात कळल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. टॅनचं शहर उघडतं, हे शहर मिटतं. माणसांना चौकटीत कोंडायला व्याम दांपत्याने नकार दिला. सौम्य बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं, विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. त्यामुळे इथे फुगासुद्धा नुसता वाचून भागत नाही, बघावा लागतो.

तिसरं, ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ (1994). विषय नर्मदेवरच्या धरणाचा. वार्ताहराची गोष्ट एका तऱ्हेने रेखाटली आहे, गायणाने गायलेली सृष्टीची कथा दुसऱ्या तऱ्हेने. रेषा बदलली की बोलणारा बदलला. जैतापूर प्रकल्पासाठी जमिनी गेलेलं माडबन नाट्याच्या जवळच आहे. आपली जागा आपल्या हातून जाणं म्हणजे काय, हे इथला वाचक शिकून आलेला असतो. पुस्तकाने त्याला फक्त रेषा वाचायला शिकवायच्या असतात.

याच क्रमाचा आग्रह धरण्याला आणखी एक कारण आहे. नेहमीच्या शिफारशी इंग्रजी येणाऱ्यांपुरत्या असतात. ‘पर्सेपोलिस’ घरातल्या शिकलेल्या पोराच्या हातात जातं आणि तिथेच थांबतं. बिनशब्दांचं पुस्तक त्याच्या आजीलाही देता येतं. नवरा बोटीवर असताना तिने एकटीने घर चालवलेलं असेल, तर पहिल्या पानावरची उघडी बॅग तिला नातवाच्या आधी कळेल.