लोखंड झडते, मग चाक का अडते?

मोटारीचे चाक पंक्चर झाले आहे. गाडी जॅकवर उचलली, चारही नट काढून बाजूला ठेवले, आणि आता चाक दोन्ही हातांनी ओढले तरी जागचे हलत नाही. त्याला धरून ठेवणारे काहीच उरलेले नाही, असे डोळ्यांना तर दिसते. पावसाळ्यानंतर, त्यातही कोकणपट्टीत, गॅरेजवाल्याला ही तक्रार नवी नसते. तो एकदा वाकून बघतो आणि दोन शब्दांत निदान सांगतो : "गंजानं पकडलंय."

हे दोन शब्द आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांना समजतात का, हे तपासून पाहावे असे आम्हांला वाटले. गंजणे हा तसा पाठ्यपुस्तकांचा लाडका विषय. प्राथमिक शाळेपासून दहावीपर्यंत तो तीन-चार वेळा तरी भेटतो. आणि आमचे मत असे झाले की पुस्तकातला गंज व गॅरेजातला गंज यांची अजून नीट ओळख झालेली नाही.

आधी पुस्तकांच्या जमेची बाजू. तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या पुस्तकात तो वर्षानुवर्षे आहे. एका नळीत खिळे, पाणी आणि हवा. दुसरीत उकळलेले ऊर्ध्वपातित पाणी व त्यावर तेलाचा थर. तिसरीत कोरडी हवा राहावी म्हणून निर्जल कॅल्शियम क्लोराइड. गंज फक्त पहिल्या नळीत येतो. पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, एकाने भागत नाही, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी ताडता येते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्तही त्यातून कळते. प्रयोग म्हणून तो उत्तम आहे आणि तो राहायलाच हवा.

आमची तक्रार त्यानंतर सुरू होते. गंज का येतो हे झाल्यावर पुस्तक लगेच 'गंजाचे दुष्परिणाम' या मथळ्याकडे वळते. तिथे जहाजे, पूल, फाटके, कुंपणे यांची यादी असते, आणि सगळीकडे घडते एकच गोष्ट : लोखंड झिजते, पोकळ होते, गळून पडते. पारिभाषिक शब्दही तसाच निवडलेला आहे, 'क्षरण'. क्षर म्हणजे झरणारे, नाश पावणारे. बोलीभाषा मात्र अधिक सावध आहे. ती 'गंजानं खाल्लं' म्हणते, पण त्याचबरोबर 'गंज चढला', 'गंज धरला' असेही म्हणते. काही जाते आणि काही वर येऊन बसते, या दोन्ही गोष्टींची नोंद तिने ठेवली आहे. पाठ्यपुस्तकाने त्यातली एकच घेतली. लोखंड नुसते झिजतच असेल तर गंजलेले चाक सैल व्हायला हवे, हाताच्या झटक्यासरशी निघायला हवे. ते घट्ट का होते, याचे उत्तर 'क्षरण' या शब्दात नाही.

उत्तर आकारमानात आहे, आणि ते नववी-दहावीच्या मुलाला कागदावर काढता येते. ५६ ग्रॅम लोखंड घ्या. घनता ७.९ धरली तर त्याचे आकारमान सुमारे ७ घन सेंटिमीटर. त्याला ऑक्सिजन आणि पाणी मिळून गंजाचा एक नेहमीचा घटक, FeO(OH), तयार झाला तर त्याचे वस्तुमान ८९ ग्रॅम होते. त्याची घनता साधारण ४.३, म्हणजे आकारमान जवळजवळ २१ घन सेंटिमीटर. लोखंड जेवढी जागा व्यापत होते त्याच्या तिप्पट जागा त्याच्या गंजाला लागते! गंज सच्छिद्र असतो हे लक्षात घेतले तर आणखीच जास्त. वस्तुमान वाढते हे पुस्तके कधीतरी सांगतात, समीकरणही संतुलित करून घेतात. आकारमान वाढते हे सांगायचे राहून जाते.

आता चाकाकडे परत येऊ. ज्यावर चाक बसते त्या हबच्या मध्यभागी एक गोल उंचवटा असतो, आणि चाकाच्या मधले भोक त्यावर बेताचे बसते. दोहोंमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. समजा, या फटीत पाणी राहिले आणि उंचवट्याचे व भोकाचे मिळून ०.०५ मिलिमीटर लोखंड गंजले. हे वहीच्या कागदाच्या निम्म्या जाडीएवढे आहे, कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्याचा गंज मात्र ०.१५ मिलिमीटर जाडीचा झाला. गेलेल्या लोखंडाची जागा त्याने भरली आणि वरची ०.१० मिलिमीटर फटही भरली. यापुढचा प्रत्येक कण दाटीवाटीने बसणार, आणि चारही बाजूंनी रेटणार. पाचर ठोकल्यासारखेच हे आहे, फक्त ती गोलाकार आहे आणि ठोकणारा कोणी दिसत नाही.

चाक अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असेल तर प्रकार आणखी वेगळा. दोन निराळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट ओल, म्हणजे घरगुती विद्युतघटच. अ‍ॅल्युमिनियम अधिक क्रियाशील, म्हणून त्याची झीज होते व फटीत पांढरी भुकटी साठते. तीही मूळ धातूच्या तिपटीहून अधिक जागा मागते. ब्रिटन किंवा कॅनडात हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. तिथे चाक अडकणे ही नित्याची बाब आहे. आपल्याकडे ते काम समुद्रावरचे वारे करतात. क्रियाशीलतेची श्रेणी मुले पाठ म्हणून दाखवतात, विद्युतघटाची आकृती काढतात. या दोन गोष्टी एकत्र येऊन गॅरेजवाल्याला घाम फोडतात, हे कोणी त्यांना सांगत नाही. पाठ वेगळे, म्हणून गुणही वेगळे!

आकारमानाचा हा मुद्दा गाळल्याने फक्त चाकाचे कोडे सुटत नाही असे नाही. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या सज्जांचे पोपडे पडतात, आतल्या सळ्या उघड्या होतात. विद्यार्थ्याला विचारा, तो म्हणेल, सळई गंजून कमकुवत झाली म्हणून. खरे तर सळईचा थोडासाच भाग गंजलेला असतानाही फुगलेला गंज भोवतालचे काँक्रीट आतून फोडू लागतो. भेगा पडतात, भेगांतून आणखी पाणी जाते. ज्या वर्गाला वरच्या छताकडे बघून हे ओळखता यायला हवे, त्याला आपण फाटके आणि कुंपणे शिकवत बसतो.

चाक काढण्याच्या युक्त्यांबद्दलही बोलायला हवे, कारण त्यांत आपले यंत्रशास्त्राचे धडे उघडे पडतात. जाणता कारागीर चाक सरळ स्वतःकडे ओढत नाही. तो नट दोन-तीन वेढे सैल करून तसेच ठेवतो, म्हणजे चाक सुटले तरी अंगावर येणार नाही. मग समोर बसून टायरच्या खालच्या कडेवर तळपायाने दणका देतो, चाक अर्धे फिरवतो, पुन्हा दणका. लहान मोटारीच्या टायरची त्रिज्या सुमारे २५ सेंटिमीटर आणि हबच्या सपाट तोंडाची सुमारे ७. खालून आत ढकलले की हबच्या तोंडाची खालची कड टेकू बनते. टेकूपासून बल १८ सेंटिमीटरवर, आणि जिथे गंजाने धरले आहे तो मध्य ७ सेंटिमीटरवर. म्हणजे तिथे अडीचपट बल पोचते, आणि तेही एका बाजूला अधिक. डब्याचे घट्ट झाकण आपण सरळ वर ओढत नाही, चमच्याने एकेका कडेने उचकटतो, तेच हे. तरफेच्या पाठात कात्री, अडकित्ता आणि लिंबू पिळायचे यंत्र असते. त्यांच्या शेजारी हे चाक शोभून दिसेल.

दणक्याचेही तसेच. संवेगाच्या पाठात क्षेत्ररक्षक चेंडू झेलताना हात मागे नेतो. एन.सी.ई.आर.टी.च्या नववीच्या पुस्तकात हा दाखला वर्षानुवर्षे राहिला. वेळ वाढवा, बल कमी होईल. पण याची उलट बाजू, वेळ कमी करा आणि बल वाढवा, फारशी कोणी दाखवत नाही. एक किलोची हातोडी सेकंदाला ४ मीटर वेगाने आली आणि हजाराव्या भागात थांबली तर सरासरी बल ४,००० न्यूटन. तीच रबरावर पडून शंभराव्या भागात थांबली तर ४००. ठोकाठोकीला चाकाची लोखंडी कड बरी की टायर, हे त्यावरून कळते. आणि तरीही शहाणा माणूस मध्ये लाकडाचा ठोकळा का धरतो, विशेषतः ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाला, हेही कळते : चाक सुटायला हवे, तडकायला नको.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून मोटारीविषयी जे सल्ले छापून येतात त्यांबद्दल मात्र आम्हांला असे चांगले बोलता येत नाही. 'चाक अडकल्यास तापवा' हा त्यांतला एक. तापवण्यामागे तत्त्व आहे. ५४ मिलिमीटर व्यासाचे अ‍ॅल्युमिनियमचे भोक तापमान १०० अंशांनी वाढले तर सुमारे ०.१२ मिलिमीटरने रुंदावते, लोखंडी उंचवटा त्याच्या निम्म्यानेच. पण चाक लोखंडी असेल तर दोघे सारखेच वाढणार, मिळवले काय? शिवाय हवा भरलेल्या टायरजवळ ज्योत नेणे हा स्फोटाला दिलेला निमंत्रण-पत्र आहे, आणि हबमधल्या बेअरिंगचे ग्रीसही वितळते. तत्त्व सांगायचे आणि ते कुठे लागू नाही हे सांगायचे नाही, ही सवय पुरवण्यांनी पाठ्यपुस्तकांकडूनच उचलली असावी. त्यापेक्षा मधल्या फटीत पातळ तेल सोडून थांबणे बरे. केशाकर्षणाने ते सच्छिद्र गंजात मुरते. मात्र ब्रेकच्या तबकडीवर थेंब जाता कामा नये. आणि जॅकवरच्या गाडीखाली कोणी कधीही शिरू नये. दणक्यांनी जॅक सरकतो. म्हणून इतर चाकांना दगड लावावेत आणि स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवावी.

सर्वांत गंभीर आक्षेप आम्ही शेवटी ठेवला आहे, कारण तो माणसांच्या जिवाशी संबंधित आहे. 'गंज रोखण्याचे उपाय लिहा' या प्रश्नाचे ठरलेले उत्तर आहे : रंग द्या, तेल किंवा ग्रीस लावा, जस्ताचा मुलामा द्या. चाक एकदाचे निघाले की हा विद्यार्थी काय करील? हबच्या तोंडाला रंग फासील, आट्यांवर ग्रीस चोपडील. दोन्ही चूक. चाक हबवर टिकते ते बोल्टांवर टांगलेले असते म्हणून नव्हे, तर नटांनी ते हबवर दाबून धरलेले असते आणि त्या दाबामुळे दोन सपाट तोंडांमध्ये घर्षण असते म्हणून. १२ मिलिमीटरच्या बोल्टवरचा नट १०० न्यूटन-मीटर पिळाने आवळला की बोल्ट सुमारे ४०,००० न्यूटन बलाने ताणला जातो. चार बोल्टांचे मिळून १,६०,००० न्यूटन, लहान मोटारीच्या वजनाच्या वीसपट. मध्ये रंगाचा जाड थर असला तर तो या दाबाखाली हळूहळू चेपतो, बोल्टांचा ताण उतरतो, नट सैल पडतात. गंजाचे पोपडे तसेच ठेवले तरी तेच होते. आट्यांना ग्रीस लावले तर उलटे संकट. आवळताना लावलेल्या पिळाचा सुमारे नऊदशांश भाग घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. घर्षण कमी केले की तेवढ्याच पिळाने बोल्ट भलताच ताणला जातो. घर्षण तोट्याचे आणि तेल गुणाचे, असे शिकलेल्या मुलाला हे कुठून ठाऊक असणार?

इथे योग्य उपाय अगदी साधा आहे. तारेच्या ब्रशने हबचे तोंड व चाकाची मागची बाजू धातू दिसेपर्यंत घासायची, कोरडी पुसायची, आणि मधल्या उंचवट्याला तेवढा ग्रीसचा पातळ हात लावायचा. नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळायचे, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावून पाहायचे. रंग कुठे द्यायचा नाही, हेही गंज रोखण्याच्या ज्ञानाचाच भाग आहे, पण उत्तरपत्रिकेत त्याला जागा नाही.

तीन परीक्षानळ्यांच्या शेजारी चौथी वस्तू ठेवता येईल. मुलामा नसलेले लोखंडी नट-बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. सारख्याच चार जोड्या हाताने फिरतील तितक्याच आवळा. दोन जोड्या तेल लावून कोरड्या डब्यात ठेवा, दोन रोज मिठाच्या पाण्यात बुडवून पुन्हा वाळवा. तीन-चार आठवड्यांनी बोल्ट पकडीत धरून नटाला पाना लावा, पान्याच्या टोकाला प्रयोगशाळेतला ताणकाटा अडकवा आणि नट हलताक्षणी काटा किती दाखवतो ते लिहा. ताणकाटा पान्याशी काटकोनात धरायचा, आणि पान्याची लांबी मोजायची, म्हणजे गुणाकार करून पीळही काढता येईल. एखादा नट ताणकाट्याला दादच देणार नाही. तेव्हा पानाला पाइप जोडून लांबी वाढवायची की नटावर टिचकी मारायची, यावर वर्गात वाद होऊ द्यावा.