कोडिंग एजंटसाठी लिहिलेल्या सूचना : गुणवत्तेच्या निकषांची चिकित्सा

आज्ञालेखन हा मराठी गद्याचा जुना प्रांत होय. त्यास अलीकडे एक नवा वाचक लाभला आहे. साध्या भाषेतील सूचना वाचून स्वतः प्रोग्राम लिहिणारे, चालवून पाहणारे व दुरुस्त करणारे ‘कोडिंग एजंट’ २०२५ पासून मोठ्या प्रमाणावर वापरात आले आणि त्यांच्यासाठीच्या कायम सूचना ‘एजंट्स.एमडी’सारख्या स्वतंत्र फाइलमध्ये लिहिण्याचा प्रघात पडला. या सूचनांची गुणवत्ता बहुधा त्यांच्या लांबीवरून किंवा एकदा मिळालेल्या यशावरून ठरविली जाते. हे दोन्ही निकष अपुरे आहेत.

समजा, वसई तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयास माजी विद्यार्थ्यांचे पत्ते एकसारखे करून घ्यावयाचे आहेत. ‘पत्ते नीट करून जिल्हा भरावा’ या सूचनेत भाषेच्या दृष्टीने काहीच उणे नाही. परंतु नोंदीत नुसते ‘कळंब’ असेल तर? नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस समुद्रकाठचे कळंब आहे. धाराशिव व यवतमाळ जिल्ह्यांत तर कळंब नावाचे तालुकेच आहेत. शिवाय वसईचे कळंब १ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, त्यानंतर पालघरमध्ये आले. तेव्हा जुन्या नोंदीतील ‘ठाणे’ ही चूक नव्हे. कार्यालयातील अनुभवी लिपिक येथे थांबून ‘सर, कोणते कळंब?’ असे विचारील. एजंट पुष्कळदा संभाव्य वाटणारा अर्थ घेऊन पुढे जातो आणि काम पूर्ण झाल्याचे कळवितो. (जुनी संगणकीय आज्ञावली संदिग्धतेपाशी निदान अडून तरी बसे!)

म्हणून सूचना जेथे मौन पाळते तेथे काय घडते, हे प्रथम तपासले पाहिजे. ‘तालुका नसल्यास जिल्हा भरू नये, नोंद वेगळी काढावी, जुना जिल्हा पुसू नये, कारण त्या काळचे दाखले त्याच नावाने दिलेले आहेत’ ही सूचना अधिक सरस ठरते. तिच्यातील ‘कारण’पुढचा भाग सर्वांत मोलाचा आहे, उस्मानाबादचे धाराशिव झाले, ही न सांगितलेली बाबही त्यावरून हाताळता येते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना धाडलेले प्रसिद्ध पत्र या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. वैरण जपून वापरावी, एवढे सांगून ते थांबत नाही. पावसाळ्यात ती संपली तर घोडी मरतील, मग लष्कर रयतेस उपद्रव देईल. उघडा दिवा ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल व गवत जळेल, अशी परिणामांची साखळीच त्यात उलगडलेली आहे.

तथापि कारण सांगणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एजंटने, कोणताही बदल करू नये अशी स्पष्ट सूचना असतानाही, एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला होता. मूळ नोंदवहीत लिहिण्याची परवानगीच न देणे, हा प्रश्न सूचनेच्या भाषेबाहेरचा आहे.

राहिली पडताळणी. उत्तरे आधीच ठाऊक असलेल्या वीस नोंदी घ्याव्यात व तीच सूचना अनेकदा चालवावी, कारण दर खेपेस निकाल सारखाच येईल याची शाश्वती नसते. नंतर एकेक वाक्य वगळून पाहावे. निकालात फरक पडत नसेल तर ते वाक्य बहुधा केवळ भरताड असते. आदर्श उत्तरपत्रिका आधी तयार करण्याची शिस्त प्राध्यापकांना नवी नाही. मात्र त्या वीस नोंदींची निवड केवळ संगणक विभागावर सोपवू नये. पालघर जिल्हा होण्यापूर्वीचे प्रवेशअर्ज ज्याने हाताळले, तो लिपिक तेथे आधी बसावयास हवा.